वहिनींचा कमानवाला मळा

परभणीहून भाच्याचा फोन आला. "आत्या, आई गेली." दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. फोन ठेवला, आणि खरं सांगते, डोळ्यांपुढे आलं ते सिकंदराबादचं एक दुकान आणि तिथं आनंदानं फुललेला वहिनींचा चेहरा. त्याला आता महिना होत आला, पण तो चेहरा काही हलत नाही.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. माझे थोरले भाऊ, आमचे दादा, परभणीच्या कोर्टात वकिली करायचे. वहिनी सोनपेठकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्या इतक्या खंगल्या की भिंत धरून चालायच्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज जेवणानंतर घोटभर लाल वाइन द्या, रक्त भरेल. आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. शेवटी आईनं विचारलं, "दवा म्हणूनच ना?" दादा म्हणाले, "दवा म्हणूनच."

पहिली बाटली गोडमिट्ट निघाली. वहिनी तोंड वाकडं करून म्हणाल्या, "वन्सं, ही तर काकवी पाजायलेत मला." ती संपल्यावर दुकानदारानं जवळ होती ती दुसरी दिली. फ्रान्सातल्या कुठल्याशा मळ्याची, बाटलीवरच्या चिठ्ठीवर दगडी कमानीचं चित्र. नाव आमच्यापैकी कुणालाच वाचता येईना. वहिनींनी घोट घेतला, आणि गिळायचं सोडून तशाच थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "आधी जांभळासारखी तुरट लागती... अन् मागून नांगरलेल्या रानाचा वास येतो." त्या दिवसापासून तो झाला कमानवाला मळा.

अंगावर रक्त चढलं, गाल भरले. डॉक्टर म्हणाले, आता दवा बंद. त्या दिवशी दादांना वाढता वाढता वहिनींनी विचारलं, "तसली अजून एक बाटली मागवता का?"

"बरी झालीस ना आता?"

"बरी झाले. म्हणून तर चव कळायलीय."

दादांचा घास हातातच राहिला. आमच्यासारख्या घरात सुनेनं असं बोलायचं म्हणजे... पण दादा घास खाऊन म्हणाले, "इथं मिळायची न्हाई ती. सिकंदराबादला जावं लागंल. तुझ्या वन्संलाही घे सोबत."

आगगाडीत मी खिडकी सोडली नाही. दुकान एका म्हाताऱ्या पारशाचं होतं, छावणीतले गोरे साहेब तिथं यायचे. जमिनीपासून आढ्यापर्यंत बाटल्याच बाटल्या. मालकानं अदबीनं पेला दादांपुढे धरला. दादा म्हणाले, "मैं नहीं पीता. बाईसाहेब को दीजिए."

म्हाताऱ्यानं नऊवारीतल्या वहिनींकडे पाहिलं, आणि स्वतःची खुर्ची त्यांच्यासाठी पुढे ओढली. मग काय विचारता! एकामागून एक बुचं निघू लागली. वहिनी आधी वास घ्यायच्या, घोट तोंडात घोळवायच्या, मग मत द्यायच्या. साहेब लोकांच्या लाडक्या बाटलीला म्हणाल्या, "दिसायला लय देखणी. पण तोंडात आली अन् निघून गेली." दुसरीला म्हणाल्या, "हिला धुराचा वास हाय. पाहुण्यांना चालंल." मी ते मोडक्यातोडक्या दखनी उर्दूत सांगत होते आणि म्हातारा हसून हसून मान हलवत होता. शेवटी त्यानं कमानवाल्या मळ्याच्याच दोन बाटल्या काढल्या, वेगवेगळ्या सालच्या. वहिनींनी दोन्ही चाखल्या. "मळा तोच हाय," त्या म्हणाल्या, "पण ह्या साली तिकडं पाऊस कमी झाला असंल. दाटपणा बघा की." म्हाताऱ्यानं चिठ्ठीवरचं साल पाहिलं. "सच है, बाईसाहेब. सूखा साल था." वहिनींनी त्याच सालच्या बाटल्या निवडल्या. गवताच्या पेंढ्यात गुंडाळलेल्या त्या बाटल्यांची पेटी परतीच्या गाडीत त्यांनी मांडीजवळून हलू दिली नाही.

घरी आई दारातच उभी होती. "काय आणलंत?"

दादा सुरू झाले, "ती आपली दवा..."

"दवा न्हाई, आई," वहिनी म्हणाल्या. नजर खाली नव्हती. "मला आवडती म्हणून आणली."

आईनं वाकून पेटीत पाहिलं. भिंत धरून चालणारी सून तिला आठवली असेल का? कोण जाणे. एवढंच म्हणाली, "मग ओसरीत नको ठेवू, ऊन लागंल. मागच्या कोठीत ठेव, तिथं गार असतं."

वहिनींनी बाटल्या आडव्या ठेवायला घेतल्या, तेव्हा त्या गडगडू नयेत म्हणून आईनंच विटा आणून दिल्या.

पुढं युरोपात लढाई लागली, तिकडचा माल यायचा थांबला. मग रझाकारांच्या दिवसांत घराला कुलूप लावून आम्ही वऱ्हाडात गेलो, आणि सगळं निवल्यावर परत आलो. कमानवाला मळा पुन्हा काही मिळाला नाही. पण वहिनींनी ती जागा कधी दुसऱ्या सामानाला दिली नाही, आणि आईनंही कधी मागितली नाही.

परवा परभणीला गेले होते. भेटायला आलेली माणसं उठून गेल्यावर मी कोठीत गेले, चपला काढून उभी राहिले. बाहेर रणरणतं ऊन होतं. विटा अजून तिथंच होत्या. पायांखालची जमीन गार होती...