काढलेला पार्ट मालकाचा

बायकोलाही जे कधी सांगितलं नाही, ते आज लिहितो आहे. बारा उन्हाळ्यांपूर्वी कळमनुरीतल्या एका घरी कुलरचा शॉक लागून एक बाई पडल्या. त्यांचं उजवं मनगट मोडलं, आणि तो पत्र्याचा कुलर बनवणाऱ्या उत्तमदादांचं नाव तालुक्यात खराब झालं. दादांचा काहीही दोष नव्हता. त्यांनी लावलेला तीन पिनांचा प्लग मी काढला, अर्थिंगची हिरवी वायर कापली आणि त्या जागी दोन पिनांचा प्लग मी बसवला. मी. दुसरं कुणी नाही.

दादा गेल्याचं कळलं ते मोबाइलवर. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एसीच्या ऑफरची जाहिरात, तिच्याखाली दादांचा फोटो, त्याखाली जोडलेल्या हातांची रांग आणि लगेच पुन्हा दुसरी ऑफर. त्या वेळी मी माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाला समजावत होतो की हा मिक्सर दुरुस्त होत नसतो, ह्याला स्क्रूच नाहीत, सगळं चिकटवलेलं असतं, तेव्हा नवीनच घ्या. वाक्य अर्ध्यावर राहिलं. गिऱ्हाईक म्हणालं, "काय झालं शेठ?" मी म्हणालो, "काही न्हाई." ही माझी जुनी सवय. काही झालं की मी काही नाही म्हणतो.

वारंगा फाट्यावर दादांचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाचं शेड, एक लांब टेबल, आणि टेबलावर पोट उघडून पडलेली यंत्रं. आयटीआय करून नोकरीच्या शोधात फिरत होतो तेव्हा तिथे दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी काम शिकलो. रेडिओ संपत आले होते, टीव्ही अजून पाठीमागे फुगलेले होते, आणि नांदेडकडे जाणाऱ्या गाड्या फाट्यावर थांबायच्या म्हणून लोक मांडीवर मिक्सर, पंखा, इस्त्री घेऊन उतरायचे आणि परतीच्या गाडीने तेच घेऊन जायचे. दादांचा एक रिवाज होता. कोणतंही यंत्र दुरुस्त केलं की काढलेला जळका, तुटका भाग ते प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालत, त्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी टाकत आणि पिशवी यंत्राला बांधून देत. लोक हसायचे. "दादा, हा कचरा आमाला काहून देता?" दादा मान वर न करता म्हणायचे, "काढलेला पार्ट मालकाचा. मी खरंच बदलला का खोटंच बोललो, हे तुमाला कळाय नको?"

दुसरी शिकवण गाठीची. प्लगमध्ये वायर कसण्याआधी आतल्या आत तिला एक विशिष्ट गाठ मारायची. कुणी वायर ओढली तरी ताण गाठीवर येतो, स्क्रूवर येत नाही. बाहेरून ती दिसत नाही. आमच्या भागात अशी गाठ मारणारे दोघेच, दादा आणि मी. हे मला त्या वेळी फार मिरवण्यासारखं वाटायचं... पुढे तीच गाठ माझ्या गळ्याशी आली.

मग मी कळमनुरीत दुकान टाकलं. काचेचं. दादा आले, सगळं फिरून पाहिलं आणि म्हणाले, "बराबर हाय. पण दिल्या, इथं एक पण वस्तू उघडी न्हाई रे." तेव्हापासून ते मला दिलीपशेठ म्हणू लागले. चेष्टेत म्हणायचे, पण दिल्या म्हणणं थांबलं ते थांबलंच. तरी कुलर मी त्यांच्याकडूनच बनवून घ्यायचो. आमच्याकडचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला पत्र्याच्या कुलरचं महत्त्व सांगायला नको. गवताच्या ताट्यांवरून पाणी उतरतं, पंखा फिरतो आणि माणूस दुपारी जिवंत राहतो. पण पत्रा, पाणी आणि वीज एका पेटीत. दादा प्रत्येक कुलर देताना एकच वाक्य बोलायचे, "घरात अर्थिंग हाय का बघ. नसंल तर कुलर परत आण."

त्या घरी अर्थिंग नव्हतं. एका निवृत्त गुरुजींचं घर. मुलीचं लग्न दोन दिवसांवर, पाहुणे उकाड्याने हैराण, खिडकीजवळचा बोर्ड जुना, दोन भोकांचा. गुरुजींच्या घरच्या काकू म्हणाल्या, "कसंही कर बाबा, पण चालू करून दे." टेम्पो बाहेर उभा होता, अजून चार घरं बाकी होती. मी खिशातून दोन पिनांचा प्लग काढला, हिरवी वायर कापून टोकाला टेप गुंडाळली, आणि हाताला सवय म्हणून आत गाठही मारली. कुलर सुरू झाला. काकूंनी मला सरबत दिलं. लग्न झालं, पाहुणे गेले, आणि त्यानंतरच्या आठवड्यात पंपाच्या वायरीत पाणी शिरून पत्र्यात करंट उतरला. अर्थिंग असतं तर फ्यूज उडाला असता, बस. काकू पाणी भरायला गेल्या आणि फेकल्या गेल्या.

लोकांनी दादांना दोष दिला. "त्या फाट्यावरच्याचा कुलर" एवढंच नाव उरलं. त्यात त्यांच्या हाताचा, त्यांच्या वस्तीचा, जातीचाही उद्धार झाला. माझ्या काउंटरसमोर उभं राहून झाला. मी बिल फाडत ते ऐकून घेतलं. आपल्याला कुणी ओळखू नये म्हणून माणूस किती खाली मान घालू शकतो, ते मला त्या उन्हाळ्यात कळलं.

दादा स्वतः त्या घरी जाऊन आले. त्यांनी स्वतःहून तिथे अर्थिंगचा खड्डा खोदला, बोर्ड बदलला, आणि परतताना माझ्या दुकानात आले. विचारलं, "दिलीपशेठ, बोर्ड पाहून लावला होता ना?" मी त्यांच्या डोळ्यांत पाहून सांगितलं, "व्हय दादा, बराबर लावला होता." ते म्हणाले, "बरं. चहा सांग."

त्यानंतर त्यांनी जे केलं तसं मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही. ते खचले नाहीत आणि कुणापुढे सफाई देत फिरले नाहीत. शेडवर स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: "अर्थिंग नसेल तर कुलर परत नेला जाईल. भांडू नये." आणि मोपेडवर खोरं, अर्थिंगच्या खड्ड्यात भरायच्या मीठ-कोळशाची पिशवी अन् टेस्टर बांधून, आजवर बनवलेला एकेक कुलर तपासायला निघाले. पार औंढ्यापर्यंत. दारात उभं राहायचे. बायका म्हणायच्या, "काहून आलात दादा? आमचा काय बिघडला न्हाई." "बिघडला न्हाई म्हणूनच तर येऊन राहिलो." कुणी तोंडावर दार लावलं, कुणी म्हणालं, आता माणूस मारायचा राहिला काय. दादा म्हणायचे, "शिव्या दे, पण आधी बोर्ड दाखव." पुढे रस्ता रुंद झाला, शेड मागे सरकवावं लागलं, गाड्या न थांबता जाऊ लागल्या, कळमनुरीचं काम तर बंदच झालं होतं. तरी शेड रोज सकाळी उघडायचंच. एकदा नव्या टीव्हीचं पॅनेल घेऊन आलेल्या एका पोरसवदा टेक्निशियनने त्यांना सांगितलं, "काका, हे मेलंय, फेकून द्या." दादांनी विचारलं, "उघडून पाह्यलं?" "न्हाई." "मंग तू डॉक्टर न्हाईस, नुसता रडायला आलेला पाव्हणा हायस." टीव्ही तिसऱ्या दिवशी चालू झाला.

नव्याचा त्यांना राग नव्हता, हे सांगायला हवं. शेवटचे भेटले ते माझ्याच दुकानात. प्लास्टिकच्या बॉडीचा कुलर हाताने चाचपला आणि म्हणाले, "पत्रा न्हाई, चांगलं केलं. लेकराबाळांच्या घरात असाच पायजे." मग मागे वाकून प्लग हातात घेतला, तीन पिना मोजल्यासारख्या केल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोर्ड बघत जाय." तेव्हा बोलायला हवं होतं. मुलगा शेजारी उभा होता, गिऱ्हाइकं होती... कारणं मला नेहमीच मिळत आली आहेत.

गेल्या पंधरवड्यात दादांच्या घरी, वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी पाणी दिलं, आत गेल्या आणि एक छोटी प्लास्टिकची पिशवी आणून माझ्या हातात ठेवली. आत दोन पिनांचा प्लग, त्याला वीतभर वायर. उघडून पाहायची गरज नव्हती, आत माझीच गाठ असणार. सोबत चिठ्ठी, दादांच्या ठसठशीत अक्षरात: "दिल्याचा पार्ट." म्हणजे त्या दिवशी मी डोळ्यांत पाहून खोटं बोललो, तेव्हा हा त्यांच्या खिशात होता. वहिनी म्हणाल्या, "टेबलाच्या ड्रॉवरात व्हता. म्या दोनदा इचारलं, देऊन टाकू का? तर म्हणाले, न्हाई, त्यालाच मागायला येऊ दे." मी रडायला लागलो, तसा त्यांचा आवाज चढला. "रडू नका, दिलीपभाऊ. रडायचं काम आमचं हाय, आमी करून राहिलो. तुमचं काम तिकडं कळमनुरीत हाय."

घरी आल्यावर मुलाला सगळं सांगितलं, हे लिहून छापायला देणार हेही. तो म्हणाला, "पप्पा, सीझन तोंडावर आहे, आता छापू नका." छापणार. ज्यांना माझ्या दुकानात यायचं नाही त्यांनी येऊ नये. जे येतील त्यांचा बोर्ड आधी मी स्वतः जाऊन पाहणार. अर्थिंग नसेल तर माल परत आणणार आणि भांडण झालंच तर भांडणार. गेल्या आठवड्यापासून दादांची ती पाटी माझ्या काचेवर आहे. वहिनींकडून मागून आणली. मागायला शिकलो, उशिरा का होईना. प्लग काउंटरवर ठेवला आहे, चिठ्ठीसकट. लोक विचारतात, हे काय? मी सांगतो, माझा आहे.

पण तेवढ्याने भागत नाही. गुरुजी तो गैरसमज मनात घेऊनच वारले. काकू आहेत. त्यांना त्या हाताने अजून भाकरी थापता येत नाही. त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या लेकांसमोर आणि शेजाऱ्यांना बोलावून, चूक उत्तमदादांची नव्हती, माझी होती, हे मला तोंडाने सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.