घोंगडीखालचे आप्पा

"बाई, तुमी उलट्या दिसताय."

आप्पा माझ्याशी बोलले ते हे पहिले वाक्य. शाळा सुटल्यावर मी बारामती एमआयडीसीच्या मागच्या रस्त्याने स्कूटरवरून घरी निघाले होते. उसाच्या कडेला एक माणूस डोक्यावरून काळी घोंगडी घेऊन ओणवा उभा दिसला. एप्रिलचे ऊन, त्यात घोंगडी! याला भोवळ तर आली नाही ना, अशा काळजीने मी स्कूटर थांबवून समोरून जवळ गेले, तर घोंगडीच्या आतून हा आवाज. मग घोंगडी बाजूला झाली आणि घामाने निथळणारा, पांढऱ्या मिशांचा एक हसरा चेहरा बाहेर आला. त्याच्यापुढे तीन पायांवर एक लाकडी कॅमेरा उभा होता, आमच्या शाळेतल्या खडूच्या खोक्याएवढा.

"या, बघा की," ते म्हणाले. मी घोंगडीत डोके घातले. मागच्या घासलेल्या काचेवर ऊस आभाळातून खाली लोंबत होता आणि माझी स्कूटर चाके वर करून उभी होती. पण उसाच्या पानांवरची धूळसुद्धा दिसत होती. मी बराच वेळ बाहेर आलेच नाही. शेवटी त्यांनीच घोंगडीवर टकटक केल्यासारखे दोन बोटांनी मारले आणि म्हणाले, "बाई, शाळा भरली."

आप्पा आमच्या पलीकडच्या गल्लीत एकटेच राहत. पत्नी चार वर्षांपूर्वी वारलेली, मुलगा परराज्यात नोकरीला. दूध प्रक्रियेच्या कारखान्यात फिटर म्हणून त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर ते असेच इंदापूरला गेले असताना एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत होता. मालकाला तिथे मोबाईलचे दुकान टाकायचे होते आणि हा कॅमेरा जागा अडवत होता. "घेऊन जा," तो म्हणाला. आप्पांनी तो लहान मूल आणावे तसा मांडीवर घेऊन एसटीतून आणला.

कॅमेऱ्याच्या मधल्या भागात कापडाचा भाता असतो. आप्पांनी घरातल्या अंधारात त्याच्या आत बल्ब लावला, तर भात्यातून ठिपक्याठिपक्यांनी उजेड फुटला. "ह्यात तर चांदणं पडलंय," असे म्हणत त्यांनी ते एकेक भोक सायकलच्या पंक्चरच्या ठिगळांनी बुजवले.

पुढचे शिक्षण फोनवरच्या व्हिडिओंचे. त्यासाठी त्यांना मी हवी होते, कारण मी इंग्रजी शिकवते. "इंग्रजी मला कळतं, पर त्यो मानूस लई पळतो," हे त्यांचे म्हणणे. मग रविवारी मी व्हिडिओ थांबवत थांबवत मराठीत सांगे आणि आप्पा करून बघत. या कॅमेऱ्याला रीळ नसते. तळहाताएवढा फिल्मचा एकेक सुटा तुकडा अंधारात एका चपट्या चौकटीत भरायचा, वर काळी पट्टी सरकवायची. चौकट कॅमेऱ्यात बसली की ती पट्टी काढायची आणि मगच फोटो घ्यायचा. आप्पा शिकण्यापुरती एक्स-रेची फिल्म कापून वापरत. ती लाल उजेडात धुता येते. न्हाणीघराच्या खिडकीला त्यांनी शेतातला मल्चिंगचा काळा कागद लावला होता. टाकीतले पाणी उन्हाळ्यात चहाइतके गरम, म्हणून फिल्म धुण्याच्या औषधाचे ट्रे बर्फात ठेवायचे आणि दूध तपासायच्या थर्मामीटरने मोजायचे.

पहिले कितीतरी फोटो वाया गेले. काही नुसते काळे, काही नुसते पांढरे. एकात मी आणि एक म्हैस एकमेकींत मिसळलेल्या. मी वैतागले की आप्पा म्हणत, "घाई आसंल तर मोबाईल हाय की, बाई." हे वाक्य ते सगळ्यांना सांगत, 'एक फोटो काढा' म्हणणाऱ्या पोरांना आणि रांगेत पुढे घुसणाऱ्यालाही.

खरी अडचण वेगळीच होती. या फिल्मला उजेड जास्त लागे, म्हणून समोरच्याला तीन-चार सेकंद पुतळ्यासारखे उभे राहावे लागे. पोरे हलत, म्हशी शेपट्या मारत, मला तर नेमकी तेव्हाच शिंक येई.

"न हलणारा मानूस मिळाला पायजे," मी एकदा त्यांच्याच बोलीत म्हटले.

आप्पांनी घोंगडीची घडी घातली. मग म्हणाले, "हाय एक. काठीवर हनवटी टेकून उभा ऱ्हायला की पाखरू येऊन बसंल खांद्यावर. पर त्येच्याशी माझं बोलणं न्हाय."

तो माणूस म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, इंदापूरच्या पुढच्या बावडा गावचे तात्या. घराण्याचा धंदा मेंढरांचा. पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचे. आप्पांना कारखान्यात नोकरी लागली. वडील, म्हणजे आबा, थकल्यावर तात्यांनी निरोप पाठवला, एकट्याने कळप आवरत नाही, या वर्षी तरी ये. आप्पा गेले नाहीत. तात्यांनी न विचारता सगळी मेंढरे विकली. तेव्हापासून दोघे लग्नाकार्यात भेटत, पण तिसऱ्याच्या तोंडून बोलत.

पुढच्या रविवारी आप्पाच कॅमेरा घेऊन माझ्या दारात उभे राहिले. "बावड्याला जाऊ," एवढेच म्हणाले. माझ्या छोट्या गाडीतून आम्ही इंदापूरमार्गे निघालो. आप्पा वाटभर मांडीवरच्या कॅमेऱ्याचे स्क्रू आवळत बसले.

तात्या अंगणातच होते. उंच, वाळलेले, हातात काठी. फोटोला नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. फक्त गोठ्याच्या भिंतीपुढे जाऊन काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले. आप्पा घोंगडीखाली गेले आणि मध्ये मी.

"बाई, त्यास्नी म्हणावं, हनवटी वाईच वर करा."

"त्येला सांगा, माझी हनवटी हाय तितं ठीक हाय."

"त्यास्नी म्हणावं, फोटो कोण काढतंय, मी का ते?"

"त्येला म्हणावं…" तात्या मध्येच थांबले. कॅमेऱ्याकडे रोखून बघत दोन पावले पुढे आले. "ते घोंगडं आबाचं न्हाय का रं?"

'का रं' माझ्यासाठी नव्हते. घोंगडीची हालचाल थांबली.

"समदं घर धुंडाळलं म्या त्येच्यासाठी," तात्या म्हणाले. "तू न्हेलंस व्हय?"

आप्पा बाहेर आले. केस विस्कटलेले, चेहरा लाल. "तू मेंढरं इकलीस, ते चाललं. म्या एक घोंगडं न्हेलं तर?"

"मानूसच न्हाय तर मेंढरं काय एकट्यानं वळायची?" तात्यांचा आवाज चढला आणि तिथेच चिरकला. मी काचेकडे बघत राहिले. तात्या तिथे उलटे आणि दोन पावले पुढे आल्यामुळे अंधुक दिसत होते.

तेवढ्यात तात्यांच्या पत्नी बाहेर आल्या. आप्पा त्यांना वैनी म्हणत, म्हणून मीही. "भांडायचंच आसंल तर च्या पिऊन भांडा," त्या म्हणाल्या. दोघेही मुकाट ओट्यावर बसले. चहानंतर फोटो झाला. तात्या खरोखर पाषाणासारखे उभे राहिले.

बारामतीला येऊन फिल्म धुतली, तर काहीच उमटले नाही. आप्पांनी काळी पट्टी काढलीच नव्हती! ते न्हाणीघराच्या उंबऱ्यावर डोक्याला हात लावून बसले. "आता कोणत्या तोंडानं जायचं?"

"याच," मी म्हटले. "तेवढंच आहे."

आठवड्याने पुन्हा बावडा. तात्यांनी ऐकून घेतले आणि इतके हसले की वैनींना पाठीवर थापटावे लागले. "म्या श्वास धरून मरायला आलो, आन् तू झाकणच काढलं न्हाईस!" या वेळी ते काठीवर हनुवटी टेकण्याआधी ओरडले, "झाकण काढ आधी!"

तो फोटो आला. लाल उजेडात ट्रेमध्ये आधी काठी उमटली, मग मिशी, मग डोळे. उलटे काळे-पांढरे सरळ करून कागदावर छापल्यावर धोतराची एकेक चुणी मोजता येत होती. तात्यांनी तो खिडकीपाशी नेऊन न्याहाळला.

"ह्यात राग कसा दिसंना रं?"

"फिलम जुनी हाय, तात्या. समदं न्हाय उतरत तिच्यात."

त्यानंतर आप्पांच्या बावड्याच्या खेपा वाढल्या, आणि एका सकाळी आमच्या गल्लीत टेम्पो येऊन उभा राहिला. ट्रे, औषधे, कॅमेरा आणि एक पेटी, एवढाच संसार. तात्यांनी मेंढरांचा जुना कोठा त्यांना अंधाऱ्या खोलीसाठी दिला होता. "बाई, तितली लाईट सारखी जाती," आप्पा खुशीत म्हणाले, "आपल्या कामाला झ्याक." टेम्पो वळला तेव्हा ते मागे बघत नव्हते, खड्डा आला की कॅमेरा सांभाळत होते. रविवार मला बरेच दिवस मोठा वाटत राहिला.

परवा मी स्वतः धुतलेली पहिली फिल्म दाखवायला बावड्याला गेले. वैनींनी कोठ्याकडे बोट दाखवले. आतून भांडणाचा आवाज येत होता: औषध आधी कुणी हलवायचे, किती हलवायचे, बर्फ कुणी संपवला. मी कडीला हात लावला मात्र, आणि कितीतरी वर्षे एकमेकांशी न बोललेले ते दोन म्हातारे आतून एकदमच ओरडले,

"दार उघडू नगा!"