मुलुंडच्या कारखान्यातली नावं

मित्रांनो, तातडीने मदत हवीय.

मुलुंडच्या एका जुन्या कारखान्याचं हॉटेल आणि कलाकेंद्र होतंय, तिथे मी डिझायनर आहे. बॉयलर फुटून गेलेल्या कामगारांची नावं त्यांच्या सोबत्यांनी आतल्या भिंतीवर कोरली होती. ती तशीच राहतील, असा शब्द मी गावडेकाकांना दिला होता. त्यांचा भाऊ त्यात गेला.

आज पोचले तर भिंतीवर प्लास्टर! मॅनेजर म्हणाला, "मेलेल्यांची नावं पाहुण्यांना कशाला दाखवायची?"

मी वेड्यासारखी खरवडत बसले. प्लास्टरबरोबर अक्षरंही गळून पडली.

तेवढ्यात काकांचा फोन. "उद्या नातीक घेवन येतंय गो, भिंत दाखवूक."

मी "या" म्हणाले.

भिंत राहणारच होती, म्हणून मी साधा फोटोही काढला नव्हता. कुणाकडे आहे का? प्लीज, आजच पाठवा.