वादळाला नाव ठेवलं

समजा, तुम्हाला समुद्राजवळ घर घ्यायचंय, आणि दिवस वादळांचे आहेत. भिंतीवर हात फिरवून ओल बघाल, नळ सोडून बघाल, शेजारी भांडखोर आहेत का याची हळूच चौकशी कराल. पण लांब भर समुद्रात काय शिजतंय, ते कुठून बघाल?

काचताईंनी बाकी सगळं बघितलं होतं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून त्या दिवसभर काचा फ्रेमच्या मापाला घासतात, म्हणून गिऱ्हाइकांनी दिलेलं हे नाव. घर हवं होतं बाबांसाठी. पायांतली ताकद गेल्यापासून बाबा तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत अडकले होते. इमारतीला लिफ्ट नाही. खिडकीतून त्यांना खालच्या लोकांची फक्त टकलं दिसत. "माणसांना तोंडं असतात हे विसरत चाललोय मी," ते म्हणायचे.

समुद्राजवळचं घर तळमजल्याचं होतं. चाकाची खुर्ची दारातून थेट अंगणात जाईल असं. बँकेनं कर्ज मंजूर केलं. काचताईंनी भाड्याची खोली सोडत असल्याचं कळवलं, नवा भाडेकरू येऊन पडद्यांची मापंही घेऊन गेला. आता शुक्रवारी सही झाली, की घर नावावर.

फक्त घराचा विमा राहिला होता. तो असल्याशिवाय बँक पैसे सोडत नाही. काचताई आठवडाभर आधीच काढणार होत्या, पण बाबांनी मोडता घातला.

"अगं, घर नावावर व्हायच्या आधी त्याचा विमा? मूल जन्मायच्या आधी कुणी नाव ठेवतं का?"

"नियमच तसा आहे, बाबा."

"मग नियम काय पळून जातोय? सहीच्या आदल्या दिवशी काढ."

दुकानात गर्दी होती, बाबांशी वाद घालायची ताकद नव्हती. त्यांनी ऐकलं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी विमा कंपनीला फोन लावला. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

"आज नाही जमणार, मॅडम," पलीकडचा माणूस म्हणाला. "सकाळी वादळाला नाव ठेवलं ना."

"वादळाला सगळेच नावं ठेवतात. त्यात नवीन काय?"

"तसं नव्हे हो. हवामान खात्यानं नाव दिलं. नाव पडलं, की ते सरेपर्यंत या किनाऱ्यावर नवीन विमा बंद. काल फोन केला असतात, तर लगेच झालं असतं."

"अहो, पण इथे पानसुद्धा हलत नाहीये. आहे कुठे ते?"

"लांब आहे. इकडे येईल की नाही, तेही नक्की नाही."

"म्हणजे येणार की नाही याचा पत्ता नाही, आणि नाव ठेवून मोकळे?"

"हो ना," तो कसंनुसं हसला.

बँकेनं सांगितलं, विमा नाही तर सही नाही. मग त्यांनी घर विकणाऱ्या काकांना फोन केला. हेच काका परवापरवापर्यंत 'घर तुमचंच समजा' म्हणत होते.

"ताई, माझं काही नाही हो. पण दुसरं गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन उभं आहे. त्यांना ना कर्ज हवं, ना विमा. शनिवारपर्यंत थांबतो. पुढे मुलं ऐकायची नाहीत."

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे घर हाती यायच्या आधीच वासे फिरले होते.

संध्याकाळी त्या घरी आल्या, तर खोलीभर बांधलेली खोकी आणि मधोमध बाबा. उद्यासाठी शेजाऱ्याकडून बूट पॉलिश करून घेतले होते. चालता येत नसलं तरी बूट हवेच. काचताईंनी सगळं सांगितलं. बाबांनी पायातल्या बुटांकडे बघितलं.

"मीच मोडता घातला गं."

काचताईंना 'नाही' म्हणवेना, आणि 'हो' तर मुळीच म्हणवेना. त्या खाली बसून बुटांच्या नाड्या उगाच सैल करत राहिल्या.

शुक्रवारी, सहीच्या वेळेला, त्यांनी घरूनच पुन्हा विमा कंपनीला फोन लावला. माणूस कालचाच होता. वादळ आहे तिथेच घुटमळतंय, म्हणाला. बंदी कधी उठेल हे वरचे ठरवतात, त्याच्या हातात काही नाही.

"तुमचं बरोबर आहे," काचताई म्हणाल्या. समोर खिडकीत बाबांचं डोकं खाली झुकलेलं दिसत होतं. "मला एवढंच सांगा, एकदा ठेवलेलं नाव परत कधी काढून घेतात हो?"