टीव्हीत दिसलेलं आमचं हॉटेल

पुण्याहून नगरला येताना सुप्याच्या अलीकडे आमचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, पुढे बाकडी, मातीची भट्टी आणि मागे आमचं घर. चहाला आमचे हे, कढईवर मी आणि गल्ल्यावर सासूबाई. सासूबाईंचा एक नियम कडक होता. गिऱ्हाइकासमोर आपण तोंड हलवायचं नाही. "खानारा बसलाय आन् तळनारीच चरतीय, बरं दिसतं का?" म्हणायच्या. लग्न होऊन आले तेव्हापासून मी कांदाभजी तळत होते, पण शेडमध्ये उभी राहून एक भजं कधी तोंडात टाकलं नव्हतं.

आमची सगळी भिस्त गुरुवारच्या बसवर होती. मुंबईच्या एका यात्रावाल्याची बस आळंदी करून शिर्डीला जायची आणि दर गुरुवारी सकाळी आमच्याकडे थांबायची. बस भरून माणसं उतरायची, भजी, चहा, पुन्हा भजी, आणि मला डोकं वर काढायला फुरसत नसायची. बाकीच्या दिवशी ट्रकवाले आणि गावातली रिकामटेकडी मंडळी, त्यांच्यावर चहासाखरेचा खर्च निघाला तरी खूप. घर चालायचं ते गुरुवारवर.

मग तो मोठा दुष्काळ आला. अर्धं गाव खडी फोडायला गेलं. विहिरी आटल्या. आमचे हे पहाटे बैलगाडीवर पिंप टाकून लांबच्या मळ्यातल्या विहिरीवर जायचे. घरात आम्ही घोट घोट मोजून प्यायलो, पण बाकड्यावरचा पेला रिकामा ठेवला नाही. गिऱ्हाइकाला पाणी नाही म्हटलं तर हॉटेल कसलं? एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या पाण्यावरच गेलं.

त्या उन्हाळ्यात एक जीप आमच्या दारात थांबली. मुंबईत नवीन टीव्ही का काय निघाला होता, त्याची माणसं दुष्काळी कामं बघायला आली होती. त्यांनी भजी खाल्ली, वाखाणली, पुन्हा मागवली. त्यांच्यातला एक म्हणाला, "तुमच्या हॉटेलचं थोडं चित्रण करू का? मुंबईत दिसेल."

मुंबईत दिसेल! ह्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. ह्यांनी लगेच बसलेल्या गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, कारण त्यातले दोघे उघडेबंब होते. उष्ट्या प्लेटा उचलायला लावल्या. धूर दिसायला नको म्हणून भट्टीवर पाणी मारलं. बरण्यांत कालची शेव होती, ती शिळी दिसेल म्हणून बरण्या रिकाम्या करून पुसल्या. मग काळा कोट चढवला आणि आम्हा दोघींना मध्ये घेऊन ताठ उभे राहिले.

आमच्या घरात तोवर दोनच फोटो निघाले होते. एक आमच्या लग्नाचा आणि दुसरा सासऱ्यांचा, ते गेल्यावर खुर्चीत बसवून काढलेला. दोन्हींत सगळ्यांचे चेहरे सारखेच. फोटोत हसणं म्हणजे थिल्लरपणा, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. सिनेमा आम्ही नगरला बघितला होता, नाही असं नाही. पण त्यात हलणारी ती नटमंडळी. आपल्यासारख्यानं कॅमेऱ्यापुढे आपलं नीट उभं राहावं.

"अहो, नेहमीसारखं वागा. काहीतरी करा, बोला," तो कॅमेरावाला कळवळून म्हणत होता.

"हलू नका रं," सासूबाई ओठ न हलवता म्हणाल्या. "हाललं की फोटू बिगडतो."

आम्ही हललो नाही. पदर कपाळापर्यंत ओढून मी जमिनीकडे बघत राहिले. तो बिचारा कॅमेरा इकडून तिकडे फिरवून निघून गेला.

नंतरचे काही दिवस आमचे हे रस्त्यानं छाती काढून चालत होते. आपल्याकडे टीव्ही नव्हता, नगरातही कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे काय दिसलं ते कळायला मार्गच नव्हता. मग एका गुरुवारी बस आली नाही. पुढच्या गुरुवारी आली ती भोंगासुद्धा न वाजवता समोरून निघून गेली. तळून ठेवलेल्या भज्यांची परात घेऊन मी उभी.

बसचा ड्रायव्हर पारनेरकडचा होता. सुट्टीवर गावी जाताना तो मुद्दाम उतरला. चहा हातात घेतला आणि पेल्यात बघत बोलला, "वहिनी, टीव्हीत तुमचं हाटेल दावलं. दुष्काळाच्या बातम्यांत. चूल इझल्याली, बरन्या मोकळ्या, आन् तुमी समदे असे हुबे, जनू घरात कोन गेलंय. मागून बाई सांगत हुती, हितं प्यायला पानी न्हाई म्हून. मालक म्हनला, तितं गाडी थांबवून मान्सं आजारी पाडतू का? म्या लई सांगितलं, पानी हाय, रोज हाय. म्हनला, म्या डोळ्यांनी बघितलंय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या टीव्हीवाल्यांना तरी काय बोलणार? जे आम्ही मांडून ठेवलं तेच त्यांनी नेलं.

बस गेली आणि दयाळू लोक यायला लागले. मुंबईच्या मोटारी थांबायच्या. बाया उतरायच्या, मला निरखून बघायच्या आणि गाडीतून जुन्या कपड्यांचं गाठोडं काढायच्या, नाहीतर बिस्किटाचे पुडे. हे धावत चहा घेऊन गेले की, "नको नको, तुमच्यातला कशाला!" अहो, आम्ही हॉटेलवाले! आमच्यातला नाही प्यायलात तर आम्ही खायचं काय? पण हे कुणाला आणि कसं सांगावं ते कळत नव्हतं. ज्याची दया येते त्याच्या हातचं कुणी विकत घेत नाही, हे मी त्या वर्षी शिकले. मला राग यायचा, आणि राग काढावा तर समोर इतकी चांगली माणसं.

मृगात पाऊस झाला, विहिरी भरल्या. ह्यांनी शेडला चुना मारला आणि रस्त्याकडे मोठी पाटी लावली: 'येथे भरपूर पाणी आहे.' ट्रकवाले वाचून हसायचे. दिवाळीनंतर पुण्यात टीव्ही आल्याचं कळलं, तसे हे एका लांबच्या नातलगाकडे गेले. संध्याकाळभर दाराशी बसून त्यांनी टीव्ही पाहिला. कुणी गाणं म्हणत होतं, कुणी खताची माहिती देत होतं. शेवटी त्यांनी घरमालकाला विचारलं, "दुष्काळातलं हॉटेल पुन्हा कधी दाखवतील? न्हाई, म्हणजे आता पाऊस झालाय, तर पुन्हा येऊन बघतील का?" घरातले सगळे हसले. हे परत आले आणि ती गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली.

थंडीत एका गुरुवारी ती बस आमच्या पाटीसमोरच पंक्चर झाली. देवानंच धाडली असं मला वाटलं. माणसं उतरून, घरून पाणी भरून आणलेले आपापले फिरकीचे तांबे काखेत धरून बाकड्यांवर टेकली. ह्यांनी भट्टी पेटवली, मी हात भाजले तरी न थांबता तळत गेले आणि प्रत्येकासमोर गरम भज्यांची प्लेट ठेवली. आता खातील, बघतील, मुंबईत जाऊन सांगतील. बस त्यानंतर पुन्हा कधी थांबली नाही, पण ते पुढचं. त्या सकाळी मला आशा होती.

कुणी प्लेटेला हात लावला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. काहींनी ओळखलं होतं, ते शेजारच्याच्या कानाला लागले. मग एक म्हातारी उठली, आपली प्लेट घेऊन माझ्यापाशी आली आणि माझा हात धरून म्हणाली, "बाई, आधी तुम्ही खा. तुमच्या पोटात गेल्याशिवाय आमच्या घशाखाली उतरायचं नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भट्टीतला जाळ सारखा करत बसले. मी गल्ल्याकडे बघितलं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मान फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून म्हणाल्या, "खा गं."

मी त्या सगळ्यांसमोर उभी राहून, माझ्या हातानं तळलेलं भजं खाल्लं. मीठ बरोबर होतं. म्हातारीचे डोळे भरून आले आणि मग एकेकानं खायला सुरुवात केली.

"भरलं का हो पोट?" तिनं विचारलं.

"भरलं," मी म्हणाले.