'या' म्हणायचं राहिलं

भाट्याच्या पुलाअलीकडे तिचं शिवणाचं दुकान आहे. मशीनशेजारी रिळांचा डबा, डब्याला टेकवलेला मोबाइल आणि त्यावर कायम कुठली तरी हिंदीत डब केलेली परदेशी सीरिज. डोळे पडद्यावर असले तरी टीप कधी वाकडी जात नाही.

कथा, अभिनय यांच्याशी तिला काही कर्तव्य नाही. "हा आता मरणार बघा, वहिनी," दोरा दाताने तोडत ती सांगते. "सरळ 'जाता हूँ' म्हणाला. बायकोनेही 'ये' म्हटलं नाही. असा माणूस परत यायचा कसा हो?" पुढच्या भागात तो मरतोच.

ती स्वतः प्रत्येक गिऱ्हाइकाला मान वर करून "या हां" म्हणते. एकदाच, सीरिज रंगात आली होती म्हणून, एका खलाशाला ते म्हणायचं राहिलं. मी तिथेच होते. तो बोटीवरून परतला नाही. त्याची पँट अजून खुंटीला आहे. ती अधूनमधून तिच्यावरची धूळ झटकते.

काल मी ब्लाउजचं कापड टाकलं. गुरुवारी देते, म्हणाली.

"येते हां," मी दारातून म्हटलं. उत्तर आलं नाही.

"येते," मी पुन्हा म्हटलं.

तिने मान वर केली. माझ्याकडे बघतच राहिली. ओठ हलले, पण शब्द आला नाही. मग तिने चालू सीरिज बंद केली. असं करताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

"बसा, वहिनी," ती म्हणाली. "गुरुवार कशाला? आत्ताच शिवून देते."