सुर्वे मेस्त्रींचा फळा

पाळी सुरू झाली की सुर्वे मेस्त्री आधी हूटर वाजवून बघत. रत्नागिरीच्या बंदराजवळचा आमचा बर्फाचा कारखाना. हूटर वाजला की आसपासची माणसं शिव्या घालत. मेस्त्री कान कोरत शांतपणे म्हणत, "बोंबलू दे. ता गप झाला की आपन बोंबलायचा."

बर्फ गोठवणाऱ्या विषारी अमोनिया वायूचा दाब धोक्याइतका वाढला की तो हूटर वाजे. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या एका कंपनीचं यंत्रं आपोआप चालवणारं पॅनेल आलं, तेव्हा मॅनेजरने चौघांना घरी बसवलं. मेस्त्रींनी त्या पॅनेलशेजारी दोन खिळे ठोकून एक फळा टांगला. कोणीही काही बंद केलं, तर काय बंद केलं ते आणि आपलं नाव तिथे लिहायचं. पुन्हा सुरू केल्याशिवाय पुसायचं नाही. मुंबईच्या गिरणीत ते बॉयलरवर होते. तिथे कोणीतरी न सांगता बंद केलेल्या व्हॉल्व्हमुळे त्यांचा जोडीदार गेला होता. "यंत्राला बंद करनाऱ्याचा नाव ठावं नसता," ते म्हणत, "ता मानसांनी लिवायचा."

मी तिथे वायरमन होतो. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होती, शेट मुंबईहून आले होते आणि मेस्त्री गावी गेले होते. ऑक्टोबरच्या उन्हाने दाब वर जाऊन हूटर सारखा वाजत होता. भटजी दोनदा थांबले. मॅनेजर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, बंद कर तो, आणि फळ्यावर काही खरडू नकोस, शेट बघतील. आवाज थांबवायचं बटण दाबलेलंच राहावं म्हणून मी त्याच्या फटीत आगपेटीची काडी खुपसली. पूजेनंतर काढायला गेलो तर मॅनेजर म्हणाला, राहू दे, कटकट गेली. मी राहू दिली. कसला नंदीबैल होतो मी!

तिसऱ्या दिवशी मेस्त्री आले. त्यांनी हूटर वाजवून बघितला, तो वाजला नाही. त्यांनी कॉम्प्रेसर थांबवला, बटणातली काडी काढली आणि फळ्यावर लिहिलं, 'हूटर काडीने बंद केला', पुढे नावाची जागा मोकळी. नाव पडल्याशिवाय कारखाना चालू करणार नाही म्हणाले. बाहेर मासळीचे ट्रक खोळंबले, व्यापारी ओरडायला लागले. मॅनेजर तणतणत आला. सगळं पॅनेल बघतं, तीन दिवसांत काही झालं का, असं त्याने चारचौघांत विचारलं.

"नाय झाला म्हनून नाव इचारतंय," मेस्त्री म्हणाले. "झाला असता तर कुनाला इचारला असता?"

ज्याने हूटर बंद करायला सांगितला तो मॅनेजर तोंड वर करून उभा होता. मी चार हातांवर उभा राहून पक्कड पुसत होतो. मेस्त्रींनी माझ्याकडे बघून खडू पुढे केला. मी घेतला आणि खिशात घातला. संध्याकाळी त्यांना कामावरून काढलं. काही घडलंच नव्हतं, म्हणून तो माणूस चक्रम ठरला. याचा संताप मला आजही आवरत नाही, आणि त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरचाच आहे.

दुसऱ्या दिवशी ते एसटी स्टँडवर वळकटी घेऊन बसले होते. मी जाऊन सांगितलं, मेस्त्री, काडी मी घातली होती.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "मला सांगून काय उपेग? फळ्यावर लिव जा."

गाडी सुटली. मी तडक कारखान्यात आलो. फळा काढून टाकला होता. त्याच खिळ्यांवर पॅनेलवाल्या कंपनीचं कॅलेंडर लटकत होतं. मी खिशातला खडू काढला आणि पॅनेलच्या नव्या कोऱ्या दारावरच लिहिलं: हूटर काडीने बंद केला, सांगणारा मॅनेजर, करणारा मी, आणि खाली माझं पूर्ण नाव. मॅनेजरने ते ओल्या फडक्याने पुसलं आणि मलाही घरचा रस्ता दाखवला.

लिहायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. आदल्या दिवशीही तेवढंच लागलं असतं.